एका हाताची टाळी



आम्ही बचत गटांच्या समन्वयक. या वेळेला आम्ही कधी कर्जाच्या हप्त्याचं बोलतो, कधी सोयाबीनच्या बियाण्याचं, कधी रक्तवाढीच्या गोळ्यांचं. आजचा विषय जरा लांबचा आहे. पियानो नावाचं एक परदेशी वाद्य, आणि त्याच्या साथीला बसलेला सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा. तुम्ही म्हणाल, आपल्या धाराशिवला याचं काय करायचं? शेवटपर्यंत ऐका. गोष्ट फिरून आपल्या गटाच्या सतरंजीवरच येणार आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. आपल्याकडं कीर्तन असतं. पुढं कीर्तनकार उभा, मागं टाळकरी, बाजूला मृदंग. महाराज बोलायला लागले की टाळ थांबतात. महाराजांनी अभंगाचं चरण धरलं की टाळ हळूच सुरू होतात. गजर आला की सगळे उसळतात. कधी थांबायचं, कधी हळू, कधी जोरात, हे टाळकऱ्याला कळलं नाही तर महाराज कितीही मोठे असोत, कीर्तन बिघडतं. परदेशात असाच एक प्रकार आहे, त्याला कन्चेर्टो म्हणतात. पुढं एक वादक, मागं मोठा वाद्यवृंद, आणि मधे उभा राहून हातानं इशारा करणारा एक संचालक. एकाचं वाजवणं आणि सगळ्यांची साथ, असा हा खेळ आहे.

हा खेळ आपल्या महाराष्ट्रातही होतो. मुंबईला नरिमन पॉइंटवर एनसीपीए नावाची संस्था आहे. तिथं २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा वाद्यवृंद सुरू झाला. याच वाद्यवृंदाबरोबर २०१५ साली झाकीर हुसेन यांनी तबल्याचा कन्चेर्टो वाजवला. त्याचं नाव 'पेशकार'. एकट्या तबल्याच्या कार्यक्रमात सुरुवातीला जी मांडणी करतात तिला पेशकार म्हणतात, त्यावरून हे नाव. झाकीरभाई मुंबईचेच, माहीमला वाढलेले. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. पण तबल्यासारखं आपलं वाद्य त्या मोठ्या ताफ्यापुढं मानानं बसवून गेले.

यात अडचण काय असते, ते आपल्याला लगेच कळेल. तुळजापूरला गोंधळात संबळ वाजतो तो उघड्यावर, काठीनं. त्याचा आवाज गल्ली ओलांडून जातो. तबला बोटांनी वाजतो. बोटाचा बारीक बोल एका खोलीत छान ऐकू येतो, पण मागं ऐंशी जण वाजवत असले तर तो कुठं ऐकू येणार? म्हणून कन्चेर्टो लिहिणाऱ्याला प्रत्येक जागी ठरवावं लागतं की इथं कोण वाजवणार, कोण गप्प बसणार, कोण नुसता एक सूर धरून राहणार. ऐंशी जणांची ताकद असताना ती आवरून धरायची, हे त्या ऐंशी जणांचं कसब.

आता पियानो. तुम्ही सिनेमात पाहिला असेल. मोठ्या टेबलासारखं काळं वाद्य, पुढं पांढऱ्या-काळ्या पट्ट्या. त्या पट्ट्या ८८ असतात. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. डावीकडं जाड, घोगरे सूर, उजवीकडं बारीक. आपल्या पेटीवर एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर असतो. पियानोवर दोन्ही हात पट्ट्यांवर पळतात. साधारणपणे उजवा हात चाल वाजवतो आणि डावा हात खालचा आधार देतो. कन्चेर्टो वाजवायचा तर दोन हात, दहा बोटं, वर्षानुवर्षांचा रियाज, तेव्हा कुठं जमतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आज आम्ही माइकपुढं बसलो.

ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथं पॉल विट्गेनश्टाईन नावाचा एक पियानोवादक होता. १९१३ साली त्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो आघाडीवर गेला. गोळी लागली, उजवा हात कापावा लागला. त्यात तो रशियाच्या कैदेत सापडला आणि दूर सायबेरियात नेला गेला. वय २६-२७. पियानोवादकाचा उजवा हातच गेला. कुणीही म्हटलं असतं, संपलं याचं.

त्या कैदेत त्यानं एक लाकडी खोकं घेतलं. त्यावर पियानोच्या पट्ट्या आखल्या. आणि त्या मुक्या खोक्यावर डाव्या हाताची पाच बोटं आपटत तो रियाज करत राहिला. आवाज काहीच नाही. सूर फक्त त्याच्या डोक्यात. दहा बोटांसाठी रचलेलं संगीत पाच बोटांत कसं बसवायचं, हे तो त्या खोक्यावर शोधत होता.

सुटून घरी आल्यावर त्यानं ठरवलं की मोठमोठ्या संगीतकारांकडून एका हातासाठी नवं संगीत लिहून घ्यायचं. त्याचं घर फार श्रीमंत होतं, म्हणून ते जमलं, हेही सांगितलं पाहिजे. त्यातल्या एका संगीतकाराचं नाव मॉरिस रॅव्हेल, फ्रान्सचा. त्यानं १९२९-३० मध्ये फक्त डाव्या हातासाठी कन्चेर्टो लिहिला, आणि ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात पॉलनं तो पूर्ण वाद्यवृंदाबरोबर वाजवला.

रॅव्हेलपुढं दोन वाटा होत्या. 'बिचाऱ्याला एकच हात आहे' म्हणून सोपं, छोटं काहीतरी लिहून देता आलं असतं. लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या असत्या. त्यानं दुसरी वाट धरली. ऐकणाऱ्यानं डोळे मिटले तर एकच हात वाजवतोय हे कळू नये, इतकं भरलेलं संगीत त्याला हवं होतं. त्यामुळं तो कन्चेर्टो आज दोन्ही हात धड असलेले नामांकित वादकही वाजवतात, आणि त्यांचाही त्यात घाम निघतो.

एका हातानं हे कसं होतं? आत्ता तुमचा डावा हात पालथा मांडीवर ठेवून बघा. अंगठा कुठल्या बाजूला आला? उजवीकडं. पियानोवर उजवीकडं बारीक सूर असतात. म्हणजे चाल अंगठ्यानं वाजवायची. करंगळी डावीकडं, जाड सुरांकडं. म्हणजे आधार करंगळीनं द्यायचा. मधल्या तीन बोटांनी बाकीचं भरायचं. शिवाय पियानोच्या खाली पायाजवळ एक दांडी असते. ती पायानं दाबून धरली की बोट उचललं तरी सूर घुमत राहतो, देवळातली घंटा वाजवून हात काढला तरी नाद राहतो तसा. मग जाड सूर वाजवायचा, पायानं तो धरून ठेवायचा, आणि तेवढ्यात हात उडी मारून दुसऱ्या टोकाला न्यायचा. हाताचं काम थोडं पायानं उचललं, थोडं अंगठ्यानं, थोडं करंगळीनं. काम तेवढंच राहिलं, वाटणी बदलली.

आणि वाद्यवृंदाचं काय? सुरुवातीला सगळ्यात जाड आवाजाची वाद्यं इतक्या हळू वाजतात की दूर ढग गडगडल्यासारखं वाटतं. मग आवाज चढत जातो, सगळा ताफा उसळतो, आणि मग थांबतो. त्या शांततेत एकटा पियानो सुरू होतो. कितीतरी वेळ एकटाच. कुणी मधे येत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात तो हात पक्का बसतो, आणि मगच बाकीचे त्याच्याजवळ येतात. शेवटाकडं पुन्हा एकदा सगळे थांबतात आणि पियानोला मोठी मोकळी जागा देतात. सगळा कन्चेर्टो अठरा-एकोणीस मिनिटांचा आहे. आम्ही एका ग्रामसंघाच्या बैठकीनंतर तो मोबाईलवर छोटा स्पीकर लावून ऐकवला. काही जणींना डुलकी लागली, खोटं कशाला बोला. पण एक आजी शेवटी म्हणाल्या, "हे एका हाताचं? मग दुसरा हात काय करत असतो गं आपला?"

या गोष्टीत सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र नाही. सुरुवातीला इतका वेळ एकट्यानं वाजवायचं, हे पॉलला आवडलं नव्हतं. त्यानं काही जागा आपल्या मनानं बदलल्या. रॅव्हेलला ते खपलं नाही, आणि दोघांचं बिनसलं. हळूहळू पॉललाही त्या संगीताची थोरवी पटली. साथ म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. 'इथं मला एकटीला करू द्या' आणि 'इथं मला सोडून जाऊ नका' यातलं कुठलं कधी, यावरून भांडणं होतात. व्हिएन्नात झाली, आपल्या गटातही होतात.

आणखी एक गोष्ट बाईची आहे. इंग्लंडमध्ये हॅरिएट कोहेन नावाची प्रसिद्ध पियानोवादक होती. १९४८ साली काचेनं तिचा उजवा हात कापला आणि त्या हातानं वाजवणं बंद पडलं. अर्नॉल्ड बॅक्स या संगीतकारानं तिच्यासाठी डाव्या हाताची रचना लिहिली, आणि १९५० मध्ये ती पुन्हा वाद्यवृंदापुढं बसली. हात जायला रणांगणच लागतं असं नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्याकडं कडबा कुट्टीचं यंत्र आहे. मळणी यंत्र आहे. उसाचं चरक आहे. संध्याकाळची घाई, जनावरं ओरडतायत, पदर खोचलेला नाही, आणि अडकलेली पेंडी हातानं आत सारली. एवढंच पुरतं.

आमच्या भागातल्या एका गटात अशी एक ताई आहे. तिचं नाव सांगत नाही. तीच म्हणाली, "गोष्ट सांगा, नाव नको." दिवाळीनंतर कडबा कुट्टीत तिचा उजवा हात मनगटापासून गेला. ती त्या गटाची सचिव. सगळी वही तिच्या अक्षरात. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा गटात तीन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, तिची बचत परत द्या, तिला आता बैठकीचा त्रास कशाला. काही म्हणाल्या, गटात राहू द्या, पण काम सांगू नका आणि हप्ते माफ करा. या दोन्ही मतांत माया होती, हे आम्ही स्वतः पाहिलं. तिसरं मत तिचं स्वतःचं होतं. ती म्हणाली, "हप्ता लहान करा, माफ करू नका. आणि वही माझी मला द्या."

तिनं डाव्या हातानं लिहायचा सराव केला तो लेकीच्या पाटीवर. आधी अ, आ. मग आकडे. मग गटातल्या प्रत्येकीचं नाव. दोन महिन्यांनी ती वही घेऊन बैठकीला आली. पंधरा मिनिटांचं लिखाण, त्या दिवशी पाऊण तास चाललं. पहिली अडचण अक्षराची नव्हतीच. वही घसरत होती. आपण एका हातानं लिहितो तेव्हा दुसरा हात कागद दाबून धरत असतो, हे कधी आपल्या ध्यानातच येत नाही. शेजारची एक जण मायेनं म्हणाली, "दे गं, मी लिहिते." त्यावर ती म्हणाली, "तू वही धर. लेखणी मी धरते."

ताईंनो, वही धरणं ही साथ. लेखणी काढून घेणं म्हणजे ऐंशी वाद्यांनी एका पियानोवर चढून वाजवणं.

त्या दिवसापासून त्या गटानं बैठकीची रीत बदलली. आधी सगळ्यांची बचत गोळा होते. मग एक जण एकेक नाव आणि रक्कम सावकाश वाचते, थांबते, आणि तिचं लिहून झाल्यावर पुढचं नाव घेते. शेजारची वही धरते, दर बैठकीला वेगळी. मधे कुणी गप्पा मारत नाही. आता पंचवीस मिनिटांत वही पूर्ण होते. आणि एक फायदा असा की रकमा मोठ्यानं वाचल्यामुळं ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपल्या खात्यात काय लिहिलं जातंय ते दर वेळी ऐकू येतं.

आता खरा पेच पुढं आहे. तिनं गटाकडं ३०,००० रुपयांचं कर्ज मागितलंय. उस्मानाबादी शेळ्या घ्यायच्या आहेत. आपल्या जिल्ह्याची शेळी, जुळी करडं देणारी, कोरड्या रानात तग धरणारी. गटात कुजबूज आहे. एका हातानं शेळ्या सांभाळता येतील का? हप्ता बुडाला तर बँकेत नाव कुणाचं खराब होणार? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पैसा दहा जणींच्या घामाचा आहे. उगाच कळवळ्यानं कर्ज देणं हेही तिच्यावर उपकार करण्यासारखंच, आणि तिला उपकार नको आहेत.

त्या गटाला आम्ही एक सुचवलं, तेच तुम्हालाही सांगतो. 'तिला जमेल का?' या प्रश्नाला उत्तर नसतं, नुसते तर्क असतात. त्याऐवजी कागद घ्या आणि कामं लिहून काढा. शेळ्या रानात नेणं: एका हातानं होतं. पाणी पाजणं: होतं, बादली अर्धी भरायची. पाला टाकणं: पेंडी दोरीनं टांगून ठेवली की शेळ्या उभ्यानं ओरबाडून खातात, आणि यंत्राजवळ जायचं कारण उरत नाही. लेंड्या झाडणं: होतं. दूध काढणं: वेळ लागतो, पण होतं. मग दुसरा हात कुठं लागतो? जंताचं औषध पाजताना तोंड धरायला. लस टोचताना शेळी धरायला. खुरं कापताना. अडलेली शेळी वीत असताना. आणि बाजारात नेताना गाडीत चढवायला. अशी पाच कामं निघाली. यातलं एकही रोजचं नाही. त्या पाच कामांपुढं नावं लिहायची: कोण येणार, किती वेळाला, आणि त्याबदल्यात ती काय करणार. ती म्हणते, "ज्या माझी शेळी धरतील त्यांच्या कर्जाचे अर्ज मी लिहून देईन."

रॅव्हेलनं कागदावर हेच केलं होतं. कुठं एकटा हात पुरतो, कुठं पाय उपयोगी पडतो, कुठं इतरांनी यायचं आणि कुठं थांबायचं, हे त्यानं आधी मांडलं. मांडणी झाल्यावर वाजवायचं की नाही हा प्रश्नच राहिला नाही. या गटाचा निर्णय पुढच्या बैठकीत आहे. तो काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही, आणि तो आमचा निर्णयही नाही. पण आता त्यांच्यापुढं कुजबूज नाही, कामांची यादी आहे.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. शेतकरी कुटुंबात असा अपघात झाला तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात वेळ न घालवता चौकशी करा, दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. दुसरं, कडबा कुट्टी चालू असताना हातानं पेंडी आत सारायची नाही. अडकली तर आधी बटण बंद, मग काठी. पदर, ओढणी, मोकळे केस बांधूनच यंत्राजवळ जायचं. आणि लेकरांना तिथं फिरकू द्यायचं नाही.

एका हातानं टाळी वाजत नाही, असं आपण म्हणत आलो. भांडणापुरतं ते खरं आहे. पण ज्या बाईला एकच हात उरलाय, तिच्यापुढं आपला हात कुठं धरायचा आणि कुठं मागं घ्यायचा, हे आपल्याला ठरवता येतं. तुमच्या गटातही अशी कुणी असेल. हात गेलेली, डोळ्यानं कमी दिसणारी, पाठीनं वाकलेली, किंवा नवरा गेल्यावर बैठकीत बोलायची बंद झालेली. पुढच्या बैठकीत तिच्यासाठी निर्णय घेण्याआधी तिलाच विचारा, "वही कुठं धरू?"

 आपापल्या गटात बोला, आणि काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा.